मेंढरांचा टीव्ही

मी एक जुना टीव्ही आहे, असे सांगोल्याकडच्या वस्त्यांवरची पोरे म्हणत. मित्रांनो, ते पूर्ण खरे नाही. माझ्यावर कधी क्रिकेट दिसले नाही की मालिका दिसली नाही. मी मेंढ्या-शेळ्यांचे पोट तपासायचा सोनोग्राफीचा डबा आहे. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा माझा आकार, वर वीतभर पडदा आणि एका बाजूने निघालेली काळी वायर. वायरीच्या टोकाला एक चपटी मूठ आहे. ती मेंढीच्या अंगाला टेकवली की तिच्या पोटात काय आहे त्याची करडी, धूसर छाया माझ्या पडद्यावर उमटते. एवढेच माझे काम. गोष्ट सांगणे हे माझे काम नव्हे, आणि ती मला नीट जमेल याची खात्रीही नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या. पण जे घडले ते माझ्या पडद्यासमोरच घडले, तेव्हा सांगायचे टाळणेही बरे नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. त्या गावाचे नाव मला धड उच्चारताही येत नाही. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडले, तपासले आणि खोक्यात भरले. खोक्यावर मेंढीचे चित्र होते. ते मला फार आवडे. आपण कशासाठी जन्माला आलो हे इतक्या स्पष्टपणे किती जणांना कळते?

मला विकत घेतले ते महिपती डॉक्टरांनी. ते गुरांचे डॉक्टर. मोटरसायकलच्या मागे मला गोणपाटात बांधून ते वस्त्यावस्त्यांवर हिंडत. आजूबाजूला डाळिंबाच्या बागा, मध्येच उजाड माळ, टँकरची वाट पाहणारे हौद आणि मेंढरांचे वाडे. वाड्यात शिरलो की सगळी वस्ती गोळा व्हायची. एकदा एका म्हातारीने मला निरखून पाहिले आणि विचारले, "डाक्टर, ह्यात बातम्या कवा लागत्यात?"

"बातमीच लागलीय की मावशी," महिपती डॉक्टर मेंढीच्या जांघेजवळ मूठ दाबत म्हणाले. "ही बघा. तुमच्या मेंढीला दोन कोकरं हायत."

म्हातारीने पडद्याला हात जोडले. मी तेव्हा किती फुललो होतो, काय सांगू!

डॉक्टरांची एक पद्धत होती. एकेक मेंढी तपासून झाली की ते तिच्या पाठीवर रंगाच्या कांडीने रेघ ओढत. गाभण मेंढीला हिरवी, भाकड मेंढीला लाल. म्हणजे शे-दीडशे मेंढ्यांच्या गर्दीतही कोणती कोणती ते लांबूनच कळे. लाल रेघेची मेंढी पुढच्या बाजाराला सांगोल्यात विकायला जायची. हिरव्या रेघेच्या मेंढीला कुणी हात लावायचा नाही. कितीही अडचण येवो, गाभण मेंढी खाटकाला द्यायची नाही, हा तिथला रिवाज. आणि मादी कोकरू झाले की घरदार हसायचे. कळप वाढतो तो माद्यांमुळे. नर काही महिन्यांत बाजार बघायचा. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे जे झाले ते मला कळले नाही ते याचमुळे.

दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे, कुंकू मिळे. ते माझे चांगले दिवस.

मग महिपती डॉक्टर थकले आणि मुलाकडे राहायला गेले. मी त्यांच्या मदतनिसाकडे आलो. त्याचे नाव शहाजी. शहाजीने डॉक्टरांजवळ राहून सगळे पाहिले होते, पण तो डॉक्टरकी शिकलेला नव्हता. त्याच्याकडे माझे आवरण हरवले, पडद्याला तडा गेला. मूठ फिरवताना जेल लावावे लागते. ते संपले की तो गोडेतेल लावायचा. पावसात मी भिजलो, उन्हात तापलो. तक्रार करायचा माझा स्वभाव नाही. शहाजी अगदी वाईट माणूस होता असेही मी म्हणणार नाही. मेंढ्यांच्या बाबतीत त्याचा अंदाज बरोबर येई. वस्त्यांवर लोक म्हणत, "शहाजीनं रेघ वडली म्हंजी वडली." त्याला लोक डॉक्टरच म्हणू लागले होते. तोही नाही म्हणत नसे.

आता ज्ञानबांच्या वस्तीची गोष्ट.

ज्ञानबा म्हणजे मोठ्या कळपाचे धनी. घरात त्यांची बायको मायाक्का, दोन मुलगे आणि दोन सुना. थोरली सून पूनम, दोन मुलांची आई; तिचा नवरा कळप घेऊन लांब चरायला गेला होता. धाकटा मुलगा जोतिराम आणि त्याची बायको सुकन्या. सुकन्याला दोन मुली. थोरली उर्वी नुकती शाळेत जाऊ लागली होती, धाकटी अजून रांगत होती.

त्या दुपारी वाड्यातल्या बऱ्याच मेंढ्या तपासून झाल्या. माझी बॅटरी उतरत आली होती. शहाजी मला आवरायला लागला, तेवढ्यात मायाक्का जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शहाजी, एक आतली ऱ्हायलीय. तेवढी बघ की."

मला वाटले, एखादी आजारी मेंढी घरात बांधली असेल. शहाजीने मला उचलले आणि उंबरा ओलांडून आत नेले.

आत वाकळेवर सुकन्या निजली होती.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला घाम येत नाही, काळीज धडधडत नाही. पण त्या क्षणी माझ्यात जे काही असेल ते सगळे थरारले. माझी मूठ आजवर लोकरीच्या कडेने फिरली होती. ती आता एका बाईच्या पोटावर होती. माझ्या खोक्यावर मेंढीचे चित्र होते! हे ओरडून सांगावे असे मला वाटले, पण मला आवाज कुठून असणार?

गार तेल लागताच सुकन्या दचकली. तिला तिसरा महिना होता. पोट अजून दिसतही नव्हते. "लेकरू बरं हाय का तेवढं बघनार हायत," असे तिला सांगितले होते. म्हणून ती मान वळवून माझ्याकडे बघत होती, आशेने.

माझ्या पडद्यावर करडे ढग आले. त्या ढगांत काहीतरी बारीक लुकलुकत होते. तेवढेच. मी शपथेवर सांगतो, मुलगा की मुलगी, असे त्या पडद्यावर काहीही नव्हते. मी त्यासाठी घडलेलोच नाही, आणि तडा गेलेल्या काचेतून तर शहाजीला ते लुकलुकणेही नीट दिसले असेल की नाही, मला शंका आहे.

"बरं हाय का?" सुकन्याने विचारले.

शहाजी मायाक्कांकडे बघत होता, मायाक्का शहाजीकडे. पोटातले मूल मुलगा की मुलगी हे सांगणे कायद्याने गुन्हा आहे, एवढे शहाजीला पक्के ठाऊक होते. म्हणून तो तोंडातून चकार शब्द बोलला नाही. त्याने खिशातून रंगाची कांडी काढली आणि दाराजवळच्या लाकडी खांबावर एक रेघ ओढली.

लाल.

मायाक्का रेघेकडे बघत खाली बसल्या.

मला आधी काहीच कळले नाही. लाल रेघ भाकड मेंढीची. ही तर गर्भार होती. मग माझ्या लक्षात आले की ह्या घरात वाड्यातला हिशेब उलटा चालतो. वाड्यात मादी झाली की हसतात. घरात मुलगी होणार म्हटले की तिच्यावर लाल रेघ पडते.

"सोलापुरात माज्या वळखीची एक बाई हाय," शहाजी बाहेर येऊन ज्ञानबांना म्हणाला. "गुपचूप मोकळी करून देती. सकाळी मी जीप घिऊन येतो." मोकळी करणे म्हणजे गर्भ पाडणे, गर्भपात करणे. हे तुम्हाला सांगताना मला फार संकोच वाटतो, पण शब्द झाकला तर गोष्टही झाकली जाईल. मग त्याने मला चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवले. "लाइट आली की ह्येला चार्जिंगला लावा. ऱ्हायलेली मेंढरं सकाळी बघू," म्हणाला आणि गेला.

तशी ती संध्याकाळ मी त्या घरात काढली. माझा पडदा बंद होता, पण कानावर सगळे पडत होते. मला अजून वाटते, त्या घरात सुकन्याशी जसे बोलले गेले, तसे माझ्या कुठल्याच मेंढीशी कुणी बोलले नसेल.

त्या घरात आणखी एक रिवाज होता. सासरा सुनेशी सरळ बोलत नसे, आणि सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. काही सांगायचे झाले तर मध्ये कुणीतरी लागे. त्या दिवशी उर्वी अंगणात कोकराला पाला भरवत होती. ज्ञानबा तिलाच म्हणाले, "उर्वे, तुज्या आईला सांग, सकाळी गाडी येनार हाय. तयार ऱ्हा म्हनावं. साडी जरा बरी नेस म्हनावं."

सुकन्या तिथून चार हातांच्या अंतरावर चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने सगळे ऐकले होते. तरी पोर धावत आली. "आई, आबा म्हंत्यात, गाडी येनार हाय, बरी साडी नेस." आणि मग डोळे मोठे करून, "आपुन जत्रंला जानार?"

सुकन्याच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली.

मायाक्का जवळ येऊन बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला इतका धक्का बसला नसता. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला आदी चार पोरी झाल्या गं. एकेकीच्या बारशाला बायकांनी मला काय काय सुनावलं, ते अजून माज्या कानात हाय. तुज्या वाट्याला ते नगं म्हून सांगती. सकाळी जायाचं, दुपारी यायाचं. ह्यात तुजं काय जातंय?"

सुकन्या खाली मान घालून बसली होती.

"गप का? बोल की कायतरी."

"मी काय बोलू?"

"काय बोलू नगंस. नुसतं व्हय म्हन."

थोड्या वेळाने जोतिराम आला. तो दारातच उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. सुकन्याने त्याच्याकडे पाहिले. "तुमी बी तेच म्हनताय?"

"आता डाक्टरनीच सांगितलंय तर..."

"आवो, त्यो मेंढरांचा हाय!"

"डाक्टर त्यो डाक्टरच की. आपल्या मेंढरांचं त्येचं कवा चुकलंय का सांग."

"मी मेंढरू हाय का?"

"तसं कोन म्हनलं? तू लगीच वाकड्यात शिरतीस." तो आणखी काही बोलणार होता, पण आईकडे बघून बाहेर निघून गेला. मला त्याचा राग आला. मग वाटले, त्यालाही कुणी कधी विचारले नसेल, तर दुसऱ्याला विचारायचे असते हे त्याला कळणार तरी कसे? पण हा विचार करूनही माझा राग काही कमी झाला नाही.

सगळे अंगणात जेवायला बसले तेव्हा चुलीपाशी दोघी जावाच उरल्या. पूनम आगीकडे बघत म्हणाली, "सुकन्ये, एक सांगू? माजं थोरलं अंगावर पीत हुतं, तवा मला परत दिवस गेलं. माजी कंबर धरलेली, उठवत नव्हतं. मी म्हनलं, मला ह्या बारीला झेपायचं न्हाई. दवाखान्यात जाऊ. तवा ह्याच आत्याबाई म्हनल्या, देवानं दिलंय, न्हाई म्हनू नगंस. मामंजींनी बी सांगावा धाडला, ठिवायचं. ठिवलं."

"पन अक्का, बाळ्या तर गोड हाय."

"गोडच हाय की. जीव हाय माजा त्येच्यावर. म्हून काय मला कुनी इचारलं हुतं का? माजी कंबर अजून भरून आली न्हाई, त्ये कुनाला दिसतंय?" पूनमने लाकूड आत सारले. "मला नगं हुतं तवा ठिवायला लावलं. आता तुला न्हाई म्हनायला लावत्यात. गाभन मेंढी खाटकाला देत न्हाईत, आन आपल्याला मातर कुटं बी नेत्यात."

मित्रांनो, एका घरात, त्याच चुलीपाशी, तीच माणसे एका बाईला ठेव म्हणाली आणि दुसरीला काढ म्हणाली. दोन्ही वेळा त्यांना स्वतःचे वागणे बरोबरच वाटत होते. हे ऐकून मी जितका हादरलो, तितका दुपारीही हादरलो नव्हतो.

"सरकारी दवाखान्यात मोठ्या बाई असत्यात," पूनम हळू आवाजात म्हणाली. "सोलापूरला. शहाजीच्या जीपमदी बसलीस की तू त्येच्या वळखीच्या बाईकडं पोचलीस. येश्टीनं गेलीस तर तुज्या मनानं पोचशील. पोरींचं मी बघती."

"मी कवा एकटी सोलापूरला गेली न्हाई, अक्का."

"मग जा की. आन जाताना ह्यो डबा घिऊन जा."

"ह्यो? कशाला?"

"डबा हितं ऱ्हायला तर शहाजी म्हनंल, मी कुटं काय केलं? मेंढरंच तपासली."

सकाळी लाइट आली नाही. माणसे धारा काढायला, मेंढरे मोकळी करायला वाड्यात गेली. सुकन्याने मला जुन्या दुपट्यात गुंडाळले, पदराखाली घेतले. मग उर्वीसमोर खाली बसली.

"उर्वे, आबांना सांगायचं, आई सोलापूरला गेली. एकटी गेली."

"त्यांनी इचारल्यावर सांगू?"

"इचारल्यावर."

"आन न्हाई इचारलं तर?"

"तरी सांगायचं," सुकन्या म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिने सासऱ्याला निरोप धाडला होता. ती चालायला लागली. तिच्या काखेत मी होतो, आणि मला तिच्या छातीची धडधड ऐकू येत होती. मागून जीपचा आवाज येतो का म्हणून ती दर थोड्या वेळाने वळून बघे. फाट्यावर एसटी मिळाली. मंगळवेढा मागे पडेपर्यंत तिने दुपट्यावरची पकड सैल केली नाही.

शेजारी एक जाड, हसऱ्या बाई बसल्या होत्या. दानम्मा त्यांचे नाव. वळसंगला लेकीकडे निघालेल्या. बराच वेळ त्या दुपट्याकडे बघत होत्या. "लई गरीब लेकरू गं तुजं. रडनं न्हाई, वरडनं न्हाई. किती म्हयन्याचं हाय?"

सुकन्याने दुपटे आणखी जवळ ओढले.

"तोंड तरी दाव की. दृष्ट न्हाई लावत मी."

त्यांनी स्वतःच दुपट्याचा कोपरा उचलला. "अय्य यव्वा!" त्या ओरडल्या. "ह्ये काय गं?"

"मेंढरं तपासायचं यंत्र हाय."

"मग असं छातीशी धरलंस व्हय? थंडी वाजती का त्येला?"

सुकन्या हसली. आदल्या दुपारपासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिले. आणि हसता हसता तिला असे रडू फुटले की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले. हुंदक्यांतून तिने सगळे सांगितले. दानम्मांचे हसू मावळले. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "मेंढरांचं? तुज्या पोटावर?" त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. "शिवशिवशिव! मानसं हायत का कोन हायत?" वळसंगची गाडी सोडून त्या सोलापुरात तिच्याबरोबर उतरल्या, रिक्षात बसल्या आणि मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दारापर्यंत आल्या. "आत तू जा," म्हणाल्या. "मी हितं बसती. कोन आलं तर मी हाय."

आत डॉ. प्रेमला म्हणून एक बाई होत्या. चष्मा, पिकू लागलेले केस, दमलेला चेहरा. सुकन्याने मला त्यांच्या टेबलावर ठेवले, दुपटे बाजूला केले. "ह्ये मेंढरांचं यंत्र हाय. काल माज्या पोटावर लावलं. आन खांबावर लाल रेघ वडली."

डॉक्टर बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी अशा कितीतरी गोष्टी ऐकल्या असतील. तरी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. छप्पन्न प्रश्न विचारतील असे मला वाटले होते. त्यांनी फक्त खुर्ची पुढे ओढली आणि "पाणी पी," म्हणाल्या.

त्यांनी तिला तपासले. गर्भ ठीक होता, तीही ठीक होती. "मुलगा की मुलगी ते मी बघणार नाही आणि सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि या डब्यात ते दिसलं, असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नकोस."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. "मी नवरा हाय तिचा!" हा जोतिरामचा आवाज. मोटरसायकल दामटत, दवाखाने शोधत तो मागोमाग आला होता. "व्हय का? मग काल कुटं हुता?" हा दानम्मांचा. पण तो आत घुसलाच. धुळीने माखलेला, घाबरलेला. "बाई, काय बी करायच्या आदी माजी सही लागती की!"

"लागत नाही," डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या. "ती सज्ञान आहे. ठेवायचं असो, नाहीतर नसो, तिची एकटीची संमती लागते."

"आन माजी?"

"तुमची इथं कुठंच लागत नाही. बाहेर बसा. त्या कोपऱ्यात पिण्याचं पाणी आहे."

हे जोतिरामने कधी ऐकलेच नव्हते. मलाही ठाऊक नव्हते. मग दानम्मांनी त्याच्या दंडाला धरले आणि एखाद्या पोराला न्यावे तसे बाहेर नेऊन बाकावर बसवले. दार बंद झाले.

"आता इथं कुणी नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "तुझ्या सासूला काय वाटतं, नवऱ्याला काय वाटतं, ते बाजूला ठेव. तुला काय हवंय?"

सुकन्याने दाराकडे पाहिले. सवयीने. आजवर तिच्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिले होते, आणि ती वाट बघत होती की आताही कुणीतरी देईल. कुणी दिले नाही. वरचा पंखा फिरत होता. बाहेर कुणाला तरी नावाने पुकारत होते. डॉक्टर बाईंनी घड्याळाकडे पाहिले नाही, कागद उलटले नाहीत, दुसरा प्रश्न विचारला नाही.

मला मात्र तिचे उत्तर ठाऊक होते. ती इतक्या लांब आली, ती ठेवायचे म्हणूनच आली असणार. मी ते मनात धरूनच चाललो होतो.

"मला अजून ठावं न्हाई," सुकन्या म्हणाली.

तिचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "दोन पोरी हायत. तिसरं माज्यानं व्हतंय का न्हाई, त्येचा इचार मी कवा केलाच न्हाई. कुनी करू दिला तर करायचा. आता मी करन. ठिवीन न्हाईतर न्हाई ठिवायची. पन पोरगी हाय म्हून न्हाई. आत्याबाई म्हनत्यात म्हून न्हाई. आन तुमी म्हनालात तरी न्हाई."

"मी काहीच म्हणणार नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "घे वेळ. आहे अजून वेळ. घरी नको वाटत असेल तर इथं राहायची सोय करते. मुलींनाही आणवते."

"पोरी आना," सुकन्या म्हणाली. ती पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसली.

मित्रांनो, मी थक्क झालो. काल दुपारपासून तिच्या बाजूने तळमळणारा मी, पण तिच्या वतीने उत्तर मीही देऊनच बसलो होतो. तिला विचारायचे असते, हे माझ्याही डोक्यात आले नव्हते.

पुढे पोलीस आले, पंचनामा झाला, शहाजीवर खटला उभा राहिला. मला पुरावा म्हणून एका सरकारी खोलीत ठेवले आहे. माझी बॅटरी आता संपली आहे, आणि मेंढ्या तपासायला मी पुन्हा जाईन असे वाटत नाही. सुकन्याने शेवटी काय ठरवले, ते मला माहीत नाही. तुम्हाला ते जाणून घ्यायचे असेल. मलाही आधी फार वाटे. पण ते तिचे आहे.

माझ्यासारखी वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की अखेरीला सांगते की मला पुसा, झाका, नीट वापरा. माझे काही मागणे नाही. पण तुमच्या घरात आई असेल, काकू असेल, लग्न झालेली बहीण असेल. तिच्याबद्दल मोठी माणसे काही ठरवत असतील आणि ती खाली मान घालून बसली असेल, तर तुम्ही तिच्याजवळ जा. तुम्ही लहान आहात, तुमचे कुणी ऐकेल की नाही, मला सांगता येत नाही. तरी तिला विचारा, "तुला काय वाटतं?" आणि विचारल्यावर तुम्हीच उत्तर देऊ नका. ती दाराकडे बघेल, पदराशी चाळा करेल, बराच वेळ काही बोलणार नाही. तिला आजवर कुणी विचारलेले नसते, म्हणून वेळ लागतो. तेवढा वेळ तिच्याजवळ बसून राहा.